वजनाची सॅक आणि अख्खं कुटुंब : शर्यतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेरूळ-सीवूड्स भागातला आमचा रविवारी चालणाऱ्यांचा गट दर हिवाळ्यात कुटुंबांसाठी वजनाच्या सॅकची शर्यत घेतो. नावनोंदणी सुरू झाली की व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्नांची रीघ लागते. त्यातले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न, जमेल तिथे विचारणाऱ्यांच्याच शब्दांत, खाली दिले आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर घरात शाळकरी मुलं असणाऱ्यांनी प्रश्न ५ आणि ६, आणि कुठलंही दुखणं असणाऱ्यांनी प्रश्न १५ तरी वाचावा. तो वाचल्याशिवाय नाव देऊ नये ही कळकळीची विनंती.

१. या शर्यतीत नेमकं करायचं काय असतं?

ठरलेल्या वजनाची सॅक पाठीवर घेऊन ५ किलोमीटर चालायचं, तेही घरच्या सगळ्यांनी मिळून. एका संघात २ ते ५ जण. वजन मोठ्यांच्या पाठीवर. घरातला शेवटचा माणूस रेषा ओलांडेल ती कुटुंबाची वेळ, त्यामुळे एकट्याने पुढे सटकून काही मिळत नाही. सुरुवातीला आणि शेवटी सॅक काट्यावर चढते. हलका आणि भारी असे दोन गट आहेत, त्यांचा हिशोब प्रश्न ४ मध्ये आहे.

२. हे रकिंग म्हणजे नवीनच काहीतरी खूळ आलंय का?

पाठीवर वजन घेऊन चालणं म्हणजे रकिंग. नाव आपल्याकडे नवीन आहे, प्रकार जुना आहे. भारतीय सैन्याच्या शारीरिक चाचणीत जवानांना हत्यार आणि अंगावरच्या साहित्यासह ५ किलोमीटर धावावं लागतं. नेदरलँड्समध्ये १९०९ साली सुरू झालेली चार दिवसांची पदयात्रा आजही नायमेखन शहरात भरते. तिथे सैनिक १० किलो वजन घेऊन रोज ४० किलोमीटर चालतात. इंग्लंडमधल्या गॉथॉर्प गावात १९६३ साली लागलेल्या एका पैजेतून कोळशाची पोती खांद्यावर घेऊन धावायची शर्यत सुरू झाली. पुरुषांचं पोतं ५० किलोंचं, बायकांचं २० किलोंचं.

आणि आपल्याला इतकं लांब जायची गरजच नाही. वाशीच्या एपीएमसी बाजारात माथाडी कामगार रोज पोती वाहतात. त्यांच्या कष्टाला संरक्षण देणारा कायदा १९६९ चा आहे. त्यांची पाठ वर्षानुवर्षांच्या कामाने तयार झालेली असते आणि त्याची किंमतही त्याच पाठीने मोजलेली असते. ‘ते ५० किलो उचलतात, मग मी १५ का नको?’ असं कुणी विचारलं की आम्ही विचारणाऱ्याचं नाव हलक्या गटात घालतो.

३. पळायचं की चालायचं? वेळ किती लागतो?

चालायचं. पाठीवर वजन असताना पळण्याला आमच्याकडे परवानगी नाही. पळताना दर पावलाला अंग हवेतून जमिनीवर येतं आणि सॅकचं वजनही त्याच्याबरोबर आदळतं. घोटे, गुडघे, कंबर सगळ्यांना हिसका बसतो. सॅक नसलेल्या मुलांनी थोडं पुढेमागे पळायला हरकत नाही.

अमेरिकी पायदळाच्या एका प्रसिद्ध चाचणीत सुमारे १६ किलो वजन घेऊन १९ किलोमीटरपेक्षा थोडं जास्त अंतर ३ तासांत तोडायचं असतं, म्हणजे किलोमीटरला साधारण सव्वानऊ मिनिटं. हे रोजचा सराव असलेल्या सैनिकांचं झालं. मुलांना घेऊन चालणाऱ्या कुटुंबाला ५ किलोमीटरला एक ते दीड तास लागतो आणि तो वेळ चांगलाच आहे. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त होतोय असं समजावं.

४. वजन किती घ्यायचं? हिशोब जरा समजावून सांगा.

१८ ते ६० वयाचे सगळे हिशोबात धरले जातात. हलक्या गटात माणशी ५ किलो, भारी गटात माणशी १० किलो. हा आकडा कुटुंबाचा एकूण असतो, तो आपसात कसा वाटायचा ते तुम्ही ठरवा. अट एकच : कुणाच्याही पाठीवर स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भार नको.

उदाहरण घेऊ. आई ४५ किलोंची, बाबा ७५ किलोंचे, गट भारी. दोघांचं मिळून २० किलो लागतं. आईची मर्यादा ९, बाबांची १५. आईने ९ आणि बाबांनी ११ घेतले तरी चालतं, आईने ५ आणि बाबांनी १५ घेतले तरीही चालतं. दुसरी वाटणी दिसायला समजूतदार वाटते, पण आम्ही ती सुचवत नाही. बाबा सुरुवातीलाच मर्यादेवर पोचलेले असतात, त्यामुळे वाटेत आई दमली तर तिचं वजन घ्यायला कुणाची पाठ मोकळीच नसते. आई ७ आणि बाबा १३ अशी मधली वाटणी बहुतेक घरांना मानवते.

पहिल्यांदा येणाऱ्यांनी हलक्या गटातच यावं. स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास सुरुवात करावी, हा साधारण सगळीकडे मानला जाणारा ठोकताळा आहे.

५. ताई, मुलांच्या पाठीवर किती वजन द्यायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून उत्तरही सविस्तर देत आहे.

१२ वर्षांखालच्या मुलांच्या पाठीवर काहीही नाही. स्वतःची पाण्याची बाटली हातात किंवा कमरेला, बस. १२ ते १७ वयाच्या मुलांनी वजन घ्यायचं की नाही हे मुलांनी ठरवायचं, आणि घेतलंच तर स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापर्यंतच. ४० किलोंच्या मुलीसाठी हे ४ किलो झाले, तेही कमाल.

या वयातल्या मुलांच्या सॅकमधलं वजन कुटुंबाच्या हिशोबात धरत नाही. हा नियम मुद्दाम ठेवला आहे. मुलांचं वजन मोजलं गेलं तर मोठ्यांचं ओझं कमी करायला मुलांची पाठ वापरली जाते. वाईट हेतूने कुणी करत नाही, पण स्पर्धेच्या भरात ‘घे की अजून एक किलो, एवढा मोठा झालास’ असं तोंडातून निघून जातं. वजन मोजलंच जाणार नसेल तर असं म्हणायला कारण उरत नाही.

चालताना मुलाच्या अंगठ्यांकडे लक्ष ठेवा. दमलेलं मूल दोन्ही अंगठे खांद्याच्या पट्ट्यांखाली घालून ते पुढे ओढायला लागतं, मान पुढे येते आणि बडबड थांबते. ‘दमलास का?’ विचारलं की ‘नाही’ असंच उत्तर येतं. ते ऐकू नका, पुढच्या पाण्याच्या टेबलापाशी सॅक उतरवा. उतरवलेलं वजन पुन्हा मुलाच्या पाठीवर चढवायचं नाही.

मुलांना अंतर लवकर कंटाळवाणं होतं, बघायला काही असलं की होत नाही. सरावाला सीवूड्सच्या डीपीएस तलावाच्या बाजूने न्या. हिवाळ्यात तिथे फ्लेमिंगो उतरलेले असले तर पुढचे दोन किलोमीटर कसे गेले ते कळत नाही.

६. माझ्या मुलाचं दप्तरच सहा किलोंचं असतं. मग शर्यतीत चार किलोंनाही नाही का म्हणता?

कारण ते सहा किलोही चुकीचेच आहेत. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असं म्हटलं आहे. सहावी-सातवीसाठी २ ते ३ किलो आणि नववी-दहावीसाठी २.५ ते ४.५ किलो अशी मर्यादा त्यात आहे. पूर्वप्राथमिकच्या मुलांना तर दप्तरच नको असं धोरण सांगतं.

शिवाय दप्तर घेऊन मूल बसच्या थांब्यापर्यंत आणि वर्गापर्यंत चालतं. इथे सलग तासभर चालायचं आहे. हा प्रश्न मनात आला असेल तर आज रात्री दप्तर काट्यावर ठेवून बघा. जास्त भरलं तर शर्यतीआधी शाळेतल्या बाईंशी बोला. आमच्या शर्यतीपेक्षा ते कितीतरी महत्त्वाचं आहे.

७. नवीन सॅक घ्यावी लागेल का?

नाही. घरातली ट्रेकिंगची २५-३० लिटरची सॅक पुरते. रुंद, गादी असलेले खांद्याचे पट्टे हवेत आणि छातीचा पट्टा हवा. भारी गटात कमरेचा पट्टाही हवा, कारण तो लावला की वजनाचा बराच भाग खांद्यावरून कमरेवर जातो. लॅपटॉपची ऑफिसची बॅग चालते, पण हलक्या गटात आणि तिची शिवण तपासूनच. जिथे पट्टा बॅगेला जोडलेला असतो तिथली शिवण आधी उसवते. गटई कामगाराकडून दुहेरी टाके घालून घ्या. एका खांद्यावरची बॅग चालत नाही.

८. सॅकमध्ये भरायचं काय? डंबेल टाकले तर?

डंबेल नकोत. ते तळाशी जातात, हलतात आणि कमरेच्या मणक्यांवर टोचतात. तांदूळ किंवा डाळीची न फोडलेली पाकिटं सगळ्यात उत्तम. ५ किलोंचं एक आणि बाकी एकेक किलोची घेतली की वाटेत वजन इकडचं तिकडे करणं सोपं जातं (प्रश्न २०). कोरडी वाळू जाड प्लास्टिकच्या पिशवीत दुहेरी बांधून, वरून चिकटपट्टी मारून आणली तरी चालते. विटा आणायच्या तर जुन्या टॉवेलात गुंडाळून.

भरायची पद्धत महत्त्वाची आहे. सॅकच्या तळाशी जुनी चादर किंवा गोधडीचा तुकडा घट्ट दाबून बसवा, म्हणजे वजन वर उचललं जातं. त्यावर ५ किलोंचं पाकीट उभं, पाठीला चिकटून. बाकीची पाकिटं त्याच्या शेजारी, आणि उरलेल्या जागेत टॉवेल कोंबा. सॅक हातात धरून हलवा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा भरा. वजन खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध आणि अंगाजवळ राहिलं पाहिजे. ते खाली किंवा पाठीपासून लांब गेलं की माणूस आपोआप पुढे वाकतो आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरते.

९. घरी काटा नाही. वजन कसं करायचं?

माणसांचा वजनकाटा असेल तर आधी नुसते उभे राहा, मग सॅक घेऊन उभे राहा, आणि वजाबाकी करा. तोही नसेल तर किराणावाले किंवा भंगारवाले दादा आनंदाने करून देतात. भंगारवाल्यांचा हुकाचा काटा तर सॅकसाठीच बनवल्यासारखा आहे. वरची मूठ हुकात अडकवली की झालं. रिकाम्या सॅकचं वजनही भारात धरलं जातं हे लक्षात ठेवा.

१०. तयारी किती आधीपासून करावी?

रोज चालायची सवय असेल तर ६ आठवडे, नसेल तर १०. पहिले दोन आठवडे वजनाशिवाय, आठवड्यातून तीन-चार दिवस अर्धा ते पाऊण तास. मग आठवड्यातून दोनच दिवस सॅक, मध्ये निदान एक दिवस विश्रांती. सुरुवातीला ३ किलो आणि २ किलोमीटर. एका आठवड्यात वजन वाढवा किंवा अंतर वाढवा, दोन्ही एकदम वाढवू नका. शर्यतीआधीचा आठवडा हलका ठेवा.

एकदा तरी सगळ्या कुटुंबाने एकत्र पूर्ण अंतर चाला. कोण कुठे मागे पडतं, कुणाला किती वेळाने पाणी लागतं, कोण चिडतं, हे त्याच दिवशी कळतं आणि वजनाची वाटणी त्यावरूनच ठरवायची असते.

११. आम्ही ठाण्यात राहतो. सराव कुठे करावा?

सपाट सरावाला उपवन तलाव किंवा सकाळी लवकर तलावपाळी. चढाची सवय हवी असेल तर येऊरचा रस्ता आहे, पण तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतो. वन विभागाच्या चौकीवरच्या वेळा पाळा, मुख्य रस्ता सोडून आत शिरू नका आणि अंधारात जाऊ नका. तिथे बिबट्यांचा वावर आहे.

नवी मुंबईकरांसाठी नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, वाशीचं मिनी सीशोर आणि खारघरचं सेंट्रल पार्क चांगलं. पाम बीच रोडच्या मुख्य रस्त्यावर सराव नको, गाड्या फार वेगात असतात. बेलापूरच्या पारसिक टेकडीचा डांबरी चढ भारी गटाच्या मोठ्यांसाठी ठीक आहे. पावसाळ्यात खारघरच्या पांडवकड्याकडे जायला बंदी असते, ती मोडू नका.

१२. वेळच मिळत नाही. बिल्डिंगचे जिने चढले तर चालेल का?

चालेल, चांगलंच आहे. सॅक घेऊन जिन्याने वर जा आणि लिफ्टने खाली या. उतरताना गुडघ्यांवर चढण्यापेक्षा जास्त ताण येतो, तो टाळायचा. कठड्यापाशी एक हात मोकळा ठेवा.

१३. ऊन, पाणी, खाणं याचं काय?

शर्यत डिसेंबर-जानेवारीत आणि पहाटे ठेवण्याचं कारण ऊनच. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. आपण पावणेसातला निघतो आणि साडेआठपर्यंत सगळे परत आलेले असतात. तरीही थंडी आहे म्हणून गाफील राहू नका. खाडीकाठची हवा दमट असते, घाम लवकर वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग गार होत नाही. त्यात सॅकने पाठ झाकलेली. १६ एप्रिल २०२३ ला खारघरमध्ये भर उन्हात झालेल्या कार्यक्रमानंतर १४ जणांचा उष्माघाताने जीव गेला, आणि ती माणसं पाठीवर वजन घेऊन चालत नव्हती. म्हणून मार्च ते मे आणि ऑक्टोबरच्या उन्हात सकाळी आठनंतर सॅकचा सराव करू नका, असं आम्ही सगळ्यांना बजावून सांगतो.

निघण्याआधी तासभर एक केळं किंवा पोळीचा रोल. वाटेत दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट पाणी. मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा कोकम सरबत उत्तम. ओआरएस घेणार असाल तर पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच पूर्ण पाकीट मिसळा. अर्ध्या पाण्यात पूर्ण पाकीट, असं मुलांना तर कधीच देऊ नका. खिशात चिक्की किंवा खजूर ठेवा.

चक्कर, मळमळ, थंडी वाजल्यासारखं होणं किंवा बोलणं असंबद्ध होणं, यातलं काहीही दिसलं तर सॅक काढा, सावलीत बसवा, ओल्या फडक्याने मान, काखा आणि कपाळ पुसून वारा घाला आणि स्वयंसेवकाला हाक मारा. माणूस भ्रमात असेल तर त्याला काही पाजू नका, लगेच १०८ ला फोन करा.

१४. पायाला फोड येतात, खांदे सोलवटतात. उपाय?

नवे बूट शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. नखं दोन दिवस आधी कापा. जाड सुती मोजे घाम धरून ठेवतात, त्यापेक्षा पातळ, घाम सोडणारे मोजे बरे. टाच आणि बोटांच्या मध्ये व्हॅसलीन. टाच चुरचुरायला लागली की त्याच क्षणी थांबून चिकटपट्टी लावा, फोड आल्यावर लावून उपयोग नाही.

खांद्यांसाठी बाह्यांचा, जाड शिवण नसलेला टी-शर्ट घाला. बायकांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगते : छातीचा पट्टा मंगळसूत्रावर येतो आणि तासाभरात मणी कातडीत रुततात. निघण्याआधी मंगळसूत्र पट्ट्याच्या वर सरकवा किंवा लहान घाला. ओढणी घेणार असाल तर कमरेला बांधा. नऊवारी नेसूनही काहीजणी चालतात आणि छान चालतात, मात्र कमरेचा पट्टा निऱ्यांवर काचत नाही ना ते घरी बघून घ्या.

बोटांना मुंग्या आल्या तर पट्टे फार आवळलेत. ते सैल करा. मुंग्या थांबल्या नाहीत तर सॅक उतरवा.

१५. मला स्लिप डिस्क झाली होती / गुडघे दुखतात / बीपी आहे / शुगर आहे. भाग घेऊ का?

स्लिप डिस्क, सायटिका, पाठीची शस्त्रक्रिया, हाडं ठिसूळ असणं, हृदयविकार : यातलं काही असेल तर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय वजन नाही. वजनाशिवाय कुटुंबाबरोबर चालायला हरकत नाही.

गुडघ्यांबद्दल एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. वजन जास्त असलेल्या आणि गुडघ्याचा संधिवात असलेल्या लोकांवरच्या २००५ च्या एका अभ्यासात असं दिसलं की अंगाचं १ किलो वजन घटलं तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी घटतो. सॅकला हाच हिशोब जसाच्या तसा लागू होत नाही, पण पाठीवरचा एक किलो गुडघ्यापर्यंत एकच किलो म्हणून पोचत नाही एवढं त्यातून समजतं. आधीच दुखणाऱ्या गुडघ्यावर भार टाकू नका. ‘चालून चालून मोकळे होतील’ हे वजनाच्या बाबतीत खरं नाही.

बीपी गोळ्यांनी आटोक्यात असेल तर हलका गट चालतो, पण डॉक्टरांशी बोलून. मधुमेह असेल आणि इन्सुलिन किंवा गोळ्या सुरू असतील तर उपाशीपोटी येऊ नका, खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा, आणि तुम्हाला मधुमेह आहे हे तुमच्या संघातल्या सगळ्यांना, मुलांनासुद्धा, माहीत असू द्या.

१६. गरोदर आहे, चौथा महिना. हलका गट जमेल का?

वजन नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल तर सॅकशिवाय या, तुमच्या वाट्याचं वजन कुटुंबाच्या हिशोबातून वगळू. बाळंतपणानंतरही पोटाचे आणि ओटीपोटाचे स्नायू पूर्ववत व्हायला वेळ लागतो. सिझेरियन झालं असेल तर टाके बाहेरून भरलेले दिसतात म्हणून घाई नको. डॉक्टर हो म्हणाल्यावरच.

१७. आजी ६८ वर्षांच्या आहेत, रोज तासभर चालतात. त्यांना घेता येईल?

नक्की घ्या. ६० वर्षांवरच्या कुणाचंही वजन हिशोबात धरत नाही. त्यांना हौस असेल तर एखादा किलो, तोही हाडांची तपासणी झालेली असेल तर. कित्येक संघांत वेग आजीच ठरवतात आणि असे संघ शेवटपर्यंत एका लयीत चालतात. काठी चालते.

१८. त्या दिवशी माझी एकादशी आहे.

फराळाचा उपास असेल तर राजगिऱ्याचा लाडू, केळं, खजूर, ताक घेऊन हलक्या गटात या. निर्जळी असेल तर सॅक नको, पाण्याच्या टेबलावर मदतीला या. संकष्टीलाही हेच.

१९. दीड वर्षांचं बाळ कॅरियरमध्ये पाठीवर घेतलं तर ते वजनात धरणार का?

नाही धरणार. पण बाळ घेतलेल्या माणसाच्या वाट्याचं वजनही माफ आहे. तो माणूस दुसरी सॅक घेणार नाही, पुढेही नाही आणि मागेही नाही. बाळ वाटेत दुसऱ्याकडे द्यायचं असेल तर आधी त्या दुसऱ्याची सॅक उतरवून पहिल्याच्या पाठीवर चढवा, प्रश्न ४ मधली मर्यादा सांभाळून. बाबागाडी चालते. बाबागाडीत सॅक ठेवता येणार नाही.

२०. वाटेत वजन एकमेकांना देता येतं का? आणि कुणी मध्येच थांबलं तर?

देता येतं, फक्त पाण्याच्या टेबलापाशी, थांबून. चालता चालता सॅक उघडायची नाही. देताना घेणाऱ्याची मर्यादा ओलांडली जात नाही ना, हे टेबलावरचे स्वयंसेवक संघाच्या पत्रिकेवरून (प्रत्येकाचं वय आणि वजन लिहिलेल्या कागदावरून) बघतात. म्हणूनच एक किलोची पाकिटं बरी पडतात. मोठ्यांकडून मुलांकडे वजन जाऊ शकत नाही, मुलांकडून मोठ्यांकडे कधीही जाऊ शकतं.

कुणाला पुढे जाववतच नसेल तर त्याने टेबलापाशी थांबावं, वजन तिथेच जमा करावं. उरलेल्यांत निदान एक मोठं माणूस असेल तर बाकीचे पुढे जाऊ शकतात. त्या कुटुंबाचं नाव पूर्ण केलेल्यांच्या यादीत येतं, क्रमांक मिळत नाही. थांबलेला माणूस मूल असेल तर त्याच्यापाशी घरातलंच कुणीतरी थांबलं पाहिजे.

२१. पिण्याचं पाणी वजनात धरता का? शेवटी वजन थोडं कमी भरलं तर?

पाणी आणि खाऊ धरत नाही, सुरुवातीच्या काट्याआधी ते बाहेर काढून ठेवा. पाण्याच्या बाटल्या भार म्हणून आणल्या असतील तर आम्ही झाकणांवर चिकटपट्टी लावतो. ती शेवटपर्यंत शाबूत हवी. शेवटच्या काट्यावर कुटुंबाच्या एकूण वजनात २०० ग्रॅमपर्यंतचा फरक सोडून देतो. त्याहून जास्त असेल तर क्रमांक नाही. पाकीट फुटून तांदूळ सांडले हे कारण खरं असतं हे आम्हालाही कळतं, तरी सगळ्यांना नियम एकच.

२२. आम्ही दोघीच आहोत, मी आणि माझी मुलगी. आमचं कुटुंब धरणार का?

अर्थातच. निदान एक मोठं माणूस आणि एकूण निदान दोघं, एवढंच बघतो. आई-मुलगी, आजोबा-नातू, दोन बहिणी, काका-पुतणे, दीर-भावजय, सगळे आलेले आहेत. मुलगी १८ च्या आतली असेल तर हिशोबात तुम्ही एकट्याच, म्हणजे हलक्या गटात ५ किलो. नात्याचा पुरावा आम्ही मागत नाही.

२३. लोकलने यायचं आहे. आणि पाऊस आला तर?

ठाण्याहून ट्रान्सहार्बरने नेरूळपर्यंत थेट गाडी आहे. रविवारी मेगाब्लॉक असतो, तो साधारण अकराच्या सुमारास सुरू होतो. येताना अडचण नाही, परतीचं मात्र आदल्या दिवशी वेळापत्रक बघून ठरवा. गाडीत सॅक पाठीवर ठेवून उभे राहू नका, खाली उतरवून पायांत ठेवा.

अवकाळी पावसाची भुरभुर असेल तर शर्यत होते, जोराचा किंवा विजांचा असेल तर पुढच्या रविवारी. धान्य प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच आणा, भिजलं की वजनही बदलतं आणि धान्यही वाया जातं.

२४. आदल्या रात्री कळलं की यांना ड्युटीवर जावं लागणार. आता चौघांचे तिघं झालो. नाव रद्द करू का?

रद्द करू नका. सकाळी काट्याच्या टेबलावर सांगा, त्यांच्या वाट्याचं वजन तिथेच कमी करून देतो. त्यांच्या जागी शेजारच्या काकू किंवा मामा यायला तयार असतील तर तेही चालतं, फक्त त्यांचं वय आणि वजन पत्रिकेवर नव्याने लिहावं लागतं आणि प्रश्न १५ त्यांना आधी वाचून दाखवावा लागतो. सराव नसलेल्या बदली माणसाला आम्ही ३ किलोंपेक्षा जास्त घेऊ देत नाही, मग संघ भारी गटातला का असेना. उरलेला भार बाकीच्यांच्या मर्यादेत बसत नसेल तर तुमचा संघ हलक्या गटात घेऊ. मात्र हे साडेसहाच्या आत सांगा, पावणेसातला काटा बंद होतो.